‘बीट इट’: शब्द म्हणतात निघून जा, व्हिडिओ म्हणतो मध्ये पड

तालवेडा
मायकल जॅक्सनचं ‘बीट इट’ (१९८३) मला जिवापाड आवडतं, म्हणूनच त्याच्या व्हिडिओवर माझा आक्षेप आहे. शब्द नीट ऐका. एका पोराला बजावलंय की मर्दुमकीच्या नादात जीव घालवू नकोस, निघून जा. कोण चूक, कोण बरोबर याला अर्थ नाही. रॉकच्या दणक्यावर माघार घ्यायला सांगायचं, याला धाडस लागतं. व्हिडिओत मात्र तोच मायकल लाल लेदर जॅकेट चढवून गोदामात शिरतो आणि सुरे उपसलेल्या, दोन टोळ्यांच्या म्होरक्यांच्या मध्ये उभा राहतो. म्हणजे हिरो कोण, तर जो भांडणात उतरला तो. दिग्दर्शक बॉब जिराल्डींनी गाण्याचा अर्थच फिरवला.

पडद्यामागची
साफ असहमत. तो भांडणात उतरत नाही, भांडण थांबवतो. आणि तिथे उभे असलेले सगळेच नर्तक नाहीत. लॉस एंजेलिसच्या क्रिप्स आणि ब्लड्स या एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांची खरी पोरं चित्रीकरणाला आणली होती. अशांना एका चौकटीत उभं केल्यावर ‘निघून जा’ सांगून कसं भागेल? ती पोरं त्याच गल्लीत राहतात, जाणार कुठे? शब्द जिथे थांबतात तिथून व्हिडिओ पुढे जातो.

सहा तारा
तुम्ही दोघंही गिटारबद्दल बोलतच नाही! सुऱ्यांची झटापट नेमकी रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या सोलोवर, म्हणजे एकट्या गिटारच्या तुकड्यावर आहे. दोघांची मनगटं एकमेकांना बांधलेली, दुसऱ्या हातात सुरा, आणि वर ते किंचाळणारे स्वर. सोलो संपतो आणि मायकल दोघांना बाजूला करतो. हिंसा गिटारकडे, नाच तालाकडे, अशी सरळ वाटणी आहे. एडीने त्या सोलोचा एक पैसाही घेतला नाही, हेही सांगून ठेवते.

तालवेडा
सोलोचा मुद्दा मान्य, सुंदर पकडलात. पण मग गिटार म्हणजे खलनायक झाली की! मला तर रॉक आणि नाच एकजीव वाटतात. गाण्यात बाकीची गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह लुकाथरची गिटार आधी फार जड झाली होती, निर्माते क्विन्सी जोन्सनी ती हलकी करायला लावली. का? पाय थिरकले पाहिजेत म्हणून. ध्वनिमुद्रणात जे सांधलं ते व्हिडिओने पुन्हा वेगळं केलं.

रेडिओवाला
अर्थ बाजूला ठेवा, तो काळ बघा. गाण्यांचे व्हिडिओ दाखवणाऱ्या एमटीव्ही वाहिनीवर तेव्हा कृष्णवर्णीय कलावंत फार कमी दिसत. या व्हिडिओला रेकॉर्ड कंपनीने पैसे दिले नाहीत, सुमारे दीड लाख डॉलर मायकलने स्वतःच्या खिशातून घातले. पुढे १९८४ च्या ग्रॅमीत याच गाण्याला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ मिळालं आणि पुरुष रॉक गायनाचंही पारितोषिक मिळालं. रॉक गायनाचं! गोरे आणि कृष्णवर्णीय, दोन्हीकडचे श्रोते एका गाण्यावर आणणं हाच त्याचा हेतू होता, आणि व्हिडिओतला शेवटचा नाच तेच दाखवतो.

पडद्यामागची
अगदी. शिवाय नृत्यदिग्दर्शक मायकेल पीटर्स स्वतः त्या दोन म्होरक्यांपैकी एक आहे, पांढऱ्या कपड्यातला. शेवटी बघा, खांदे, मान, पाय, सगळं एका ठोक्यावर. मगाशी जी टोळी होती तिचीच पलटण झालीय. अर्थ फिरवला म्हणता, मला तर इथेच तो लागला.

तालवेडा
आणि मला तिथेच खटकतं. एकटा निघून जाणारा पोरगा त्या पलटणीत कुठेच नाही. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडासंकुलातल्या मायकलच्या कार्यक्रमाला मी होतो. तेव्हापासून हे गाणं मी डोळे मिटूनच ऐकतो, कारण मग तो सल्ला थेट मला दिल्यासारखा वाटतो.

सहा तारा
डोळे मिटून ऐका, पण सोलोला उघडा. मनगटं बांधलेली दिसली नाहीत तर त्या स्वरांतला राग अर्धाच कळतो. यावर मी तुमचं काही ऐकणार नाही.