रीमा लागू : हिंदी सिनेमाने मोठी नटी ‘आई’तच अडकवली का?

तिसरी घंटा : माझं मत स्पष्ट आहे. हिंदी सिनेमाने रीमाताईंना घराघरांत पोचवलं, पण त्यांच्या तोलाच्या भूमिका दिल्या नाहीत. १९८८च्या ‘कयामत से कयामत तक’मध्ये जुही चावलाची आई झाल्या तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. पुढच्याच वर्षी ‘मैंने प्यार किया’त सलमानची आई. आणि ‘वास्तव’मध्ये ज्याची आई, तो संजय दत्त त्यांच्याहून जेमतेम वर्षाने लहान!

याच बाईने मराठी रंगभूमीवर ‘पुरुष’ केलं, ‘सविता दामोदर परांजपे’ केलं. या दुसऱ्या नाटकात एका संसारी बाईच्या अंगात दुसरीच बाई संचारते. रंगमंचावर ना क्लोजअप, ना रीटेक. नजर, आवाज, चाल एवढ्याच भांडवलावर भरल्या थिएटरसमोर दुसरी बाई उभी करायची. जिला हे जमतं तिने पडद्यावर मुलाची वाट बघत बसायचं? मला याचा आजही राग येतो.

पहिली रांग : ताई, राग समजतो, पण आईची भूमिका दुय्यम कशी? ‘वास्तव’ परत बघा. शेवटी रघू, म्हणजे संजय दत्त, मुक्ती मागतो आणि गोळी आईच झाडते. हा शेवट पटतो तो रीमाताईंमुळे. पोरगा घरात येऊन सोन्याची साखळी मिरवतो, ‘पचास तोला’ म्हणतो, तेव्हापासून त्या बाईच्या मनात काय काय साठत गेलंय ते आपण बघत आलेलो असतो. दुसरी कुणी असती तर तो प्रसंग मेलोड्रामात गेला असता.

तिसरी घंटा : ‘वास्तव’ मान्य. पण तसा एखादाच! १९९४ घ्या. ‘हम आपके हैं कौन’मध्ये माधुरीची आई, प्रेमळ, हसतमुख, बस. त्याच वर्षी टीव्हीवर ‘श्रीमान श्रीमती’तली कोकिळा. काय टायमिंग, काय नखरा! शिवाय ‘तू तू मैं मैं’मधली सासू. छोट्या पडद्याला जे दिसलं ते मोठ्या पडद्याला का दिसू नये?

विंगेतून : सगळं खापर हिंदीवर फोडू नका. ‘सिंहासन’सारख्या मराठी सिनेमात त्या १९७९मध्येच दिसल्या होत्या. त्यानंतर मराठी सिनेमाने तरी त्यांच्यासाठी मध्यवर्ती भूमिका किती लिहिल्या? नुसत्या नाटकाच्या नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनावर, घर चालवणं किती जणांना जमतं? मंदाकिनी भडभडे यांच्यासारख्या रंगभूमीवरच्या अभिनेत्रीची ही लेक, तिला या धंद्याचा हिशेब आपण शिकवायचा? काम आलं, तिने चोख केलं. त्याला ‘अडकणं’ म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

पहिली रांग : +१. आणि नाटक सुटलं कुठे? ‘छापा काटा’ त्यांनी नंतरच केलं. तिथेही आईच की!

तिसरी घंटा : तेच तर म्हणतेय! ‘छापा काटा’तली आई मुलीला धरून ठेवते, तिच्या आयुष्यात लुडबुड करते, आपल्याला चीड आणते. तिला स्वतःची भीती आहे, स्वार्थ आहे. ‘मैंने प्यार किया’तल्या आईला मुलाचं लग्न सोडून स्वतःचं असं काय हवं होतं, सांगा. त्यांनी ते काम कमी केलं असं मी कधीच म्हणणार नाही. लिहिणाऱ्यांनी कमी लिहिलं, आणि ते मी म्हणत राहणार.