अपमान करणे आणि अपमान होणे

जानेवारी २००२ मध्ये भारत-पाकिस्तान तणावाविषयी बोलताना अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पाकिस्तानी लोकांचा उल्लेख 'पाकी' असा केला. हा निव्वळ संक्षेप होता, हेतू वाईट नव्हता, म्हणून तो अपमान ठरत नाही, असा युक्तिवाद केला जातो. हेतूविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. अपमान करणे आणि अपमान होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला हेतू लागत नाही.

ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हाच शब्द उच्चारत दक्षिण आशियाई लोकांना भररस्त्यात गाठून मारहाण होत असे, आणि समोरचा पाकिस्तानी आहे की भारतीय, याची विचारपूस मारणारे करत नसत. मार खाताना ज्याने तो शब्द ऐकला, त्याला तो संक्षेप कसा वाटेल? टेक्सासमध्ये वाढलेल्या माणसाला हे ठाऊक नसणे मी समजू शकतो. परंतु ज्याच्या दिमतीला अख्खे परराष्ट्र खाते आहे, त्याचे अज्ञान सामान्य माणसाच्या अज्ञानाइतके क्षम्य नाही.

२००६ मध्ये व्हर्जिनियाचे सिनेटर जॉर्ज ॲलन यांनी प्रचारसभेत चित्रीकरण करणाऱ्या भारतीय वंशाच्या तरुणाकडे बोट दाखवून त्याला 'मकाका' (माकडाच्या एका जातीचे नाव, वांशिक शिवी म्हणूनही वापरले जाणारे) म्हटले, ते प्रकरण मात्र वेगळे; तेथे विशिष्ट माणूस समोर उभा होता. बुश यांच्याबाबतीत 'आम्हाला पाकिस्तानबद्दल आदर आहे' हा व्हाइट हाउसचा खुलासा मला अपुरा वाटतो, कारण प्रश्न आदराचा नव्हता, त्या शब्दाचा होता.