शॅनन नदीवर स्वतः बोट चालवत फिरायचं, कोणी केलंय का?

नेने काकू (सी ३०२): नमस्कार मंडळी. मुलगा आयर्लंडला, डब्लिनला आहे, तो म्हणतोय यंदा बसची टूर नको, शॅनन नदीवर बोट भाड्यानं घेऊ, आपणच चालवू आणि काठाची गावं बघत जाऊ, लायसन पण लागत नाही म्हणे. आमच्या ह्यांना खडकवासल्याला पाण्यात पाय सोडले तरी धडधडतं. आपल्यात कोणी केलंय का असलं काही?

साठे (बी १०१): लायसन नाही? इथे ॲक्टिव्हाला लागतं 😄

मानसी (ए ७०४): काकू आम्ही केलंय, बिनधास्त जा. लायसन खरंच लागत नाही, ताब्यात देण्याआधी बोटवाले सगळं शिकवतात, वळवणं, धक्क्याला लावणं वगैरे, मग किल्ली हातात. वेग ताशी ८-१० किमी, त्यामुळे वेगाची भीती नाही, पण ब्रेक नसतो हे डोक्यात ठेवायचं, थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा. आणि बोट वळताना मागची बाजू बाहेर फेकली जाते, म्हणजे पुढचं टोक धक्क्यापासून सुटलं म्हणून आपण खूश, तेवढ्यात मागचं जाऊन दगडाला ठोकतं.

साठे (बी १०१): भिडे पुलावर पाणी आलं की नेऊन दाखवा काकू आधी

देशपांडे काका (बी ६०३): साठे, गप रे. मानसी, ते लॉक का काय म्हणतात ते अवघड असतं का गं? आणि शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच असतो तो व्हिसा चालेल ना, आमच्याकडे आहे अजून.

मानसी (ए ७०४): नाही काका, आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यांचा वेगळा व्हिसा. आणि अजून एक, शॅननमधून कालव्यानं अर्न सरोवरांकडे जाता येतं, तो कालवा १९९४ ला परत सुरू केला, ६३ किमी आणि १६ लॉक, सुंदर आहे म्हणतात, पण पुढचं एनिस्किलन गाव उत्तर आयर्लंडमध्ये म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. पाण्यात चौकी नाही म्हणून जायचं असं नाही हां. आयरिश व्हिसावर बीआयव्हीएस असा शिक्का असेल तर दोन्हीकडे चालतं, मुलाला ते आधीच बघायला सांगा.
लॉक म्हणजे दोन फाटकांमधला हौद. फाटकं उघडायला शॅननवर त्यांचा माणूस असतो, आपलं काम फक्त दोर धरायचं. पण दोर खुंट्याला गाठ मारून बांधायचा नाही! एक वेढा घालून टोक हातात, पाणी उतरायला लागलं की हळूहळू सोडत जायचं. बांधला तर पाणी खाली आणि बोट दोराला लटकलेली. माझ्या जाऊबाईंना ही ड्यूटी होती, त्या खुंट्यावरची नजर काढेनात, फोटो एकही नाही.

सेक्रेटरी: उद्या ११ ते २ टाकी सफाई, पाणी भरून ठेवा.

जोशी (ए २०२): एवढ्या पैशात गाडी घेऊन अख्खा देश होतो की. बोटीत काय, गवत आणि गाई.

मानसी (ए ७०४): गाई आहेत खऱ्या 😄 पण जोशीकाका, वाई घाटावरून बघणं आणि बायपासवरून बघणं यात फरक आहे ना, तसंच आहे. क्लॉनमॅकनॉइजच्या जुन्या मठाला गाडीनं गेलं की पार्किंग आणि तिकीट खिडकी. नदीनं आलं की वळणावर बोरूच्या वर आधी तो गोल मनोरा दिसतो, मग भग्न चर्चेस, मग उतारावरचे थडग्यांचे दगड. मठ तिथे का तर नदी आणि पूर्व-पश्चिम जाणारा जुना रस्ता तिथे एकमेकांना छेदायचे, इसवी सन ५४४ च्या सुमाराची स्थापना. आणि याच पाण्यातून पुढे व्हायकिंग लुटायला आले. हे बोटीत बसल्यावर आपोआप कळतं. ॲथलोनचा किल्लाही तसाच, नदी ओलांडायच्या जागेवर टेकून बसलाय.
फक्त नदी ३६० किमी आहे, ती अख्खी उरकायला जाऊ नका. कॅरिक-ऑन-शॅननहून वर ‘की’ नावाचं सरोवर किंवा खाली ॲथलोन, क्लॉनमॅकनॉइज, दोन्हीतलं एकच घ्या. टूरवाल्यांसारखी रोज चार गावं घेतली तर बोटीचा काय उपयोग. किलालू गावाच्या खाली भाड्याच्या बोटी नेऊ देत नाहीत, तिथून पुढे १९२९ चं वीजकेंद्र आणि ३० मीटर उतरवणारं लॉक आहे.

नेने काकू (सी ३०२): भीती वाटावी असं कुठे काही?

मानसी (ए ७०४): ॲथलोनच्या वरचं ‘री’ नावाचं सरोवर. नदीत काठ दिसत असतो, तिथे समुद्रासारखं उघडं पाणी, वारा उठला की लाटा. बोटवाल्यांना फोन करून विचारायचं, नको म्हणाले तर अलीकडच्या धक्क्यावर मुक्काम, वाद घालायचा नाही. खुणांचे खांब चुकवू नका, प्रवाहाविरुद्ध जाताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. वाऱ्यानं अडकायला होतं म्हणून एक दिवस हातचा ठेवा. अंधारात चालवायची नाही, पण जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो.

नेने काकू (सी ३०२): जूनच सांगते मग त्याला. ह्यांना लाईफ जॅकेट घरूनच घालून नेते. छोटा कुकर चालेल का गं?

मानसी (ए ७०४): चालेल, गॅसची शेगडी असते. पाणी मात्र टाकीतलं, जपून वापरायचं, संपलं की धक्क्यावरच्या नळाला पाईप लावून भरायचं.

साठे (बी १०१): म्हणजे उद्या ११ ते २ ची प्रॅक्टिस होईल काकू