युंगफ्राऊयोखला वर जावं की खालच्या दरीतच राहावं?

रानवाट
टूरवाले आपल्या लोकांना स्वित्झर्लंडच्या बर्नीज ओबरलांड या डोंगराळ भागात आणतात, सकाळी रेल्वेत बसवतात, ३,४५४ मीटरवर युंगफ्राऊयोखच्या बर्फाळ खिंडीत उतरवतात. दोन तास बर्फात फोटो आणि परत. माझं स्पष्ट मत, हे तिकीट टाळा. तेच पैसे खालच्या दरीतल्या लाउटरब्रुनेन गावात दोन रात्री जास्त राहण्यावर घाला. हिमनदीने कोरलेली दरी, दोन्हीकडे सरळसोट कातळ. श्टाउबबाखचा धबधबा जवळजवळ ३०० मीटरवरून पडतो. खाली येईपर्यंत त्याचे नुसते तुषार उरतात. वारा सुटला की अख्खी धार एका अंगाला झुकते आणि खाली उभ्या माणसाचा चष्मा ओला होतो. ट्रुमेलबाखच्या धबधब्यांत तर आयगर, मोंख आणि युंगफ्राऊ या तीन शिखरांवरच्या बर्फाचं पाणी डोंगराच्या पोटातून गर्जत येतं. दोन तासांत यातलं काय कळणार?

माहेरवाशीण
अजिबात पटलं नाही. आई ७१ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. तिला वर नेलं. समोर आलेच हिमनदी, आल्प्समधली सगळ्यात मोठी, २० किलोमीटरहून लांब. आईने कठड्याला धरून विचारलं, "नदी म्हणतात, मग ही वाहते का गं?" वाहते म्हटलं, पण डोळ्यांना दिसणार नाही इतकी हळू. त्यानंतर ती बराच वेळ गप्प उभी होती, पदर वाऱ्यावर उडत होता तरी सावरला नाही. जिला कधी राजगडसुद्धा चढता आला नाही, तिला "खालूनच बघ" असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

रूळ आणि खडी
माहेरवाशीण, सहमत. ती रेल्वेसुद्धा बघण्यासारखीच आहे. अडोल्फ गायर-त्सेलर यांना १८९३ मध्ये कल्पना सुचली, १८९६ ला काम सुरू झालं, १९१२ ला गाडी युंगफ्राऊयोखपर्यंत पोचली. आयगर आणि मोंखच्या पोटातून सुमारे ७ किलोमीटर बोगदा, खणणारे बहुतेक इटालियन मजूर. सुरुंगाच्या स्फोटांत त्यांतले काही दगावले. गायर-त्सेलर १८९९ मध्येच गेले, त्यांना शेवटचं स्टेशन दिसलं नाही. सुरुवातीपासून गाडी विजेवर, कोळशाचा धूर नाहीच.

रानवाट
माहेरवाशीण, तुमच्या आईंचं वाचून "टाळा" हा शब्द मागे घेतो. माझा राग रेल्वेवर नाही, घाईवर आहे. पण धडधाकट माणसांनी मेनलिखनच्या डोंगरावरून क्लायने शाइडेगच्या खिंडीपर्यंत चालावंच. दीड तासाची सोपी वाट, समोर आयगरची उत्तर भिंत. १९३८ मध्ये चौघांनी ती पहिल्यांदा सर केली. खालून ती भिंत बघितली की त्या चौघांचं मोल कळतं.

गोळ्या-औषधं
वर जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, ही उंची कळसूबाईच्या दुपटीहून जास्त आहे. तीही काही तासांत गाठायची. डोकं दुखतं, दम लागतो. पायऱ्या सावकाश चढा, पाणी पीत राहा. आणि सकाळी इंटरनेटवर वरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघून मगच तिकीट काढा. ढग असले की फक्त पांढरा पडदा दिसतो.

माहेरवाशीण
रानवाट, घाईबद्दलचं मान्य. तरी वर जाण्याचा माझा हट्ट कायम. आलेचच्या काठावर कोंकोर्डियाची गिर्यारोहकांची झोपडी १८७७ ची. बर्फ खचत गेला तशा तिथे जायच्या लोखंडी पायऱ्या खालच्या बाजूने वाढवत न्याव्या लागल्या, आता त्या चारशेच्या वर आहेत. आईने बघितली तेवढी हिमनदी माझ्या मुलीच्या वाट्याला येणार नाही. म्हणून येत्या जूनमध्ये तिलाही घेऊन जाते आहे. उतरल्यावर लाउटरब्रुनेनला तीन रात्री ठेवल्यात.