साबण शिजवताना: हॉट प्रोसेसचा पहिला घाणा (अनुभव)

हॉट प्रोसेस साबणाच्या (म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा आचेवर शिजवून केलेल्या साबणाच्या) कृती ढिगाने मिळतात आणि बहुतेकींत वेळ ठोकून दिलेली असते: मंद आचेवर एक तास. प्रत्यक्षात कुणाचा साबण पाऊण तासात होतो, कुणाचा दोन तास भांड्यात रेंगाळतो. मग तो झालाय हे ओळखायचं कशावरून? पहिल्यांदा करणाऱ्याची खरी अडचण ही असते. म्हणून कृती नकोत, अनुभव लिहा. भांड्यासमोर उभं राहिल्यावर काय दिसलं, हाताला काय कळलं? फसलेले घाणे असतील तर आधी ते.

सुरुवात मी करते. एकूण तेल ५०० ग्रॅम: ऑलिव्ह ३००, खोबरेल १५०, एरंडेल ५०. सुपरफॅट (साबण न होता तसंच राहणारं जादा तेल) ५ टक्के धरला की कॉस्टिक सोडा ७० ग्रॅमच्या आसपास येतो. माझ्या आकड्यावर मात्र विसंबू नका, सोप कॅल्क्युलेटरमध्ये (कॉस्टिकचं प्रमाण काढून देणारं ऑनलाइन साधन) तुमची तेलं घालून स्वतः काढा. पाणी १९०. शिजताना वाफ जाते, म्हणून कोल्ड प्रोसेसपेक्षा (न शिजवता साच्यातच होणाऱ्या साबणापेक्षा) थोडं सढळ.

तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र करून ब्लेंडरने ट्रेस येईपर्यंत, म्हणजे मिश्रण खिरीसारखं दाटेपर्यंत फिरवलं, आचेवर ठेवलं आणि झाकण ठेवलं. आधी कडा बदलल्या. पांढुरका, अपारदर्शक गोळा कडेने काचेसारखा होऊ लागला आणि आतल्या बाजूला दुमडत आला. मधे एकदा तेल सुटून वर तरंगल्यासारखं दिसलं, ढवळल्यावर पुन्हा मिळून आलं. शेवटी सगळं उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखं झालं, पण त्याला मेणचट चमक होती. ढवळताना चमचा जड होतो, आणि चिमूटभर काढून गार करून बोटांत चोळलं की मेणासारखं लागतं, तेलकट नाही. मी घड्याळ बघायचं सोडलं ते तेव्हापासून.

*

लायबद्दल, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्याबद्दल आधी बोलू या, कारण नवीन माणूस घाबरतो तरी नाहीतर अजिबात घाबरत नाही, आणि दुसरा प्रकार जास्त वाईट. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. उलट केलं की उकळी फुटून ते अंगावर उडू शकतं. गार पाण्यात घातलं तरी द्रावण बघता बघता ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि पहिली काही मिनिटं त्यातून घशाला झोंबणारी वाफ येते. मी खिडकीशी उभी राहून, तोंड बाजूला करून ढवळते. डोळ्यांना नुसता चष्मा पुरत नाही, कडेने बंद असणारा गॉगल हवा. हातमोजे, पूर्ण बाह्या, पायांत बंद चपला.

ॲल्युमिनियमचं काहीही नको, अगदी चमचासुद्धा. कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टेनलेस स्टील किंवा तळाला ५ आकडा असलेलं प्लास्टिक चालतं. काचेत मी लाय करत नाही, वारंवार वापरली की काच आतून झिजते आणि एखाद्या दिवशी तडकते.

अंगावर थेंब पडला तर व्हिनेगर शोधत बसू नका. वाहत्या पाण्याखाली धरा, पंधरा-वीस मिनिटं. डोळ्यांत गेलं तर पाण्याने धूत राहा आणि दुसऱ्या कुणाला डॉक्टरांना फोन करायला सांगा.

*

माझं भांडं पाऊण भरलेलं होतं. बास, एवढंच सांगायचंय 😀 साबण फुगला, कडेवर चढला, बाहेर आला, ओट्यावरून खाली निघाला. खोबरेल जास्त असलेला साबण शिजताना जोरात तापतो. आता भांडं निम्म्याच्या वर भरत नाही आणि पहिला अर्धा तास जागेवरून हलत नाही. वर येऊ लागला की आच बंद, झाकण काढायचं, मोठ्या चमच्याने खाली दाबत ढवळायचं. बसतो.

*

स्लो कुकर (मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं) नसला तरी होतं. मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात साबणाचं पातेलं बसवलं. या पद्धतीत तळाला लागत नाही हा फायदा. वेळ मात्र दुप्पट जातो, आणि बाहेरच्या पातेल्यातलं पाणी संपतंय का हे बघत राहावं लागतं. मी सारखं झाकण काढून डोकावत होतो, त्यामुळे वाफ गेली आणि शेवटी भुसभुशीत गोळे झाले. चमचाभर गरम डिस्टिल्ड पाणी शिंपडून ढवळलं तेव्हा जरा लवचीक झाले. वडी कुरूप आहे. फेस मस्त येतो.

*

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून दोन गोष्टी. तेलाच्या एका रेणूत तीन फॅटी ॲसिडं एका ग्लिसरीनला जोडलेली असतात. अल्कली ती सोडवतं, ॲसिडांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं. मोठ्या कारखान्यांत पूर्वापार मिठाच्या पाण्याने साबण वेगळा काढून हे ग्लिसरीन बाजूला करत आले आहेत. आपल्या भांड्यात ते साबणातच राहतं. उष्णतेने क्रिया वेगळी होत नाही, लवकर होते. कोल्ड प्रोसेसमध्ये जे साधारण एक-दोन दिवस साच्यात चालतं, ते इथे डोळ्यांदेखत होतं.

तेल बदललं की कॉस्टिकचं प्रमाण बदलतं, त्याचंही कारण सोपं आहे. खोबरेलात लॉरिक ॲसिड भरपूर, त्याची साखळी १२ कार्बनची. ऑलिव्हमध्ये मुख्यतः ओलिक, १८ कार्बनचं. साखळी आखूड म्हणजे रेणू हलका, म्हणजे एका ग्रॅममध्ये रेणू जास्त. म्हणून एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं आणि ऑलिव्हला ०.१३५. "घरात ऑलिव्ह नव्हतं, म्हणून तेवढंच खोबरेल घातलं" हे इथे चालत नाही. चुलीवरचा अंदाज इथे नको, काटा हवा. कपाने मोजलेली कृती दिसली तर सरळ पुढे जा.

आणि पीएचच्या कागदी पट्टीवर भरवसा नको. चांगला साबणही ९-१० पीएच दाखवतो. पट्टी घट्ट साबणावर नीट काम करत नाही, भलताच आकडा देते.

*

ताई, मग तपासायचं कसं? सगळीकडे जिभेला लावा म्हणतात. खरंच लावायचं?

*

लावायचं, पण चाटायचं नाही. कण गार करा, ओल्या बोटावर घासा, ते बोट जिभेच्या टोकाला जेमतेम टेकवा आणि लगेच चूळ भरा. मोकळं कॉस्टिक उरलं असेल तर बॅटरीला जीभ लावल्यासारखा झटका बसतो. नुसती साबणाची चव आली तर झाला. झटका बसला तर आणखी शिजवा आणि पुन्हा बघा. दोन-तीन जागांचे कण घ्या, एका जागेवरून कळत नाही.

*

देखणा साबण हवा असेल तर हॉट प्रोसेस करू नका, असं माझं स्पष्ट मत. नक्षी, रंगांच्या लाटा, टोकदार कडा यातलं काही जमत नाही. लगदा साच्यात ओतता येत नाही, भरावा लागतो. भरताना साचा दर थराला टेबलावर आपटायचा, नाहीतर कापल्यावर आत पोकळ्या निघतात. सोडियम लॅक्टेट (साबणात घालायचा एक क्षार) तेलाच्या ३ टक्के घातलं तर लगदा थोडा सैल राहतो. मला तो ओबडधोबडपणाच आवडतो, पण भेट द्यायला म्हणून करणाऱ्यांनी आधी फोटो बघावेत.

*

सुगंधासाठी मात्र हीच पद्धत बरी. कोल्ड प्रोसेसमध्ये सुगंधी तेल ताज्या लायच्या तोंडी जातं, इथे कॉस्टिक संपल्यावर शेवटी घालता येतं. थोडं निवल्यावर घाला, कडकडीत असताना घातलं तर निम्मा वास वाफेबरोबर जातो. लिंबूवर्गीय वास तरीही टिकत नाहीत. दूधही शेवटीच. लायमध्ये थेट घातलं तर करपून केशरी होतं आणि घाण वास येतो. गुलाबाच्या पाकळ्यांचा तपकिरी चोथा होतो, कॅलेंड्युलाच्या पिवळ्या राहतात.

*

मी एकदा करून थांबलो. साबण छान झाला, पण तेल, कॉस्टिक, गॉगल, ब्लेंडर यांचा हिशेब केला तर स्वस्त पडत नाही, आणि साबणाचा ब्लेंडर स्वयंपाकाला परत वापरायचा नाही. ज्यांना "केमिकलविरहित" साबण हवा म्हणून हे करायचंय त्यांनी एवढं लक्षात घ्यावं: अल्कलीशिवाय साबण होत नाही. शिजून झाल्यावर कॉस्टिक उरत नाही, ही वेगळी गोष्ट. विकतचा तयार सोप बेस वितळवून ओतला तरी कॉस्टिक आधी कुणीतरी दुसऱ्याने हाताळलेलं असतं.

*

हॉट प्रोसेसचा साबण लगेच वापरता येतो, हे खरं का? माझा दुसऱ्याच दिवशी वापरला तर पाण्यात झरझर विरघळला.

*

सुरक्षित असतो, पण चांगला झालेला नसतो. भरपूर पाणी अजून आतच असतं. कापून, वड्यांमध्ये अंतर ठेवून, हवेशीर जागी चार ते सहा आठवडे ठेवा. आठवड्याला एक वडी काट्यावर ठेवत जा, वजन उतरायचं थांबलं की झाली. "लगेच वापरा" हा या पद्धतीचा अर्धवट प्रचार आहे.

*

माझ्या कापलेल्या वडीत आत पांढरे ठिपके दिसताहेत. वापरू का?

*

ठिपक्यावर जिभेची तीच चाचणी करा, इतर भागावर नव्हे. झटका नसेल तर ते बहुधा न मिसळलेले साबणाचे कण किंवा हवेचे बुडबुडे, बिनधास्त वापरा. झटका बसला तर कॉस्टिक नीट विरघळलं नव्हतं. अशी वडी अंगाला लावू नका. किसून, थोडं पाणी घालून पुन्हा शिजवा, हातमोजे घालूनच, आणि परत तपासा. तरीही झटका राहिला तर वजनात गडबड आहे, तो घाणा टाकून द्या. पुढच्या वेळी लाय गाळणीतून गाळून तेलात ओता. आणि कॉस्टिकचा डबा हवाबंद ठेवा. ते हवेतली ओल ओढतं, गठ्ठे झालेलं कॉस्टिक काट्यावर ७० दाखवलं तरी त्यातलं काही पाणीच असतं.