आवाज येतो, शब्द कळत नाहीत: बाबांसाठी हेडफोन कुठला?

देसाई, बी-४०३: मंडळी, एक सल्ला हवाय. सासऱ्यांसाठी (वय ७६) चांगला हेडफोन घ्यायचाय. टीव्ही इतका मोठा लावतात की बातम्या खालच्या मजल्यावर ऐकू जातात. तरी आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, ही रोजची तक्रार. गाण्याचं वेड आहे. दहा हजारांपर्यंत चालेल.

रोहन, सी-३०२: काकू, माझा एक्स्ट्रा बेसवाला आहे. दणदणीत आवाज. लिंक पाठवतो.

गोखले, ए-१०१: रोहन, थांब जरा. त्यांना बेस, म्हणजे खालचे घुमणारे आवाज, नकोच आहेत. अगं, माझेही कान वयाने उतरलेत, म्हणून सविस्तर लिहिते. वयाबरोबर आधी जातात ते वरचे, बारीक आवाज. बोलण्यातले आ, ओ, ऊ खालच्या पट्टीत असतात, ते टिकतात. स, श, फ, थ वरच्या पट्टीतले, ते गळतात. मग कुणीतरी बोलतंय एवढं समजतं, काय बोलतंय ते नाही. गाण्यातही तेच. डग्गा छान घुमतो, पण तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा ‘ना’ बोथट होतो. तानपुरा ऐकू येतो, त्याची जवार, तो बारीक झंकार, येत नाही. भजनातले टाळ शेजारच्या खोलीत गेल्यासारखे वाटतात. बेस वाढवला की उरलेसुरले बारीक आवाजही झाकले जातात.

देसाई, बी-४०३: अगदी अगदी! परवा म्हणाले, हल्ली तबलजी फार मऊ वाजवतात. मग नुसता व्हॉल्यूम वाढवून भागेल?

गोखले, ए-१०१: नाही भागत. हळू बोललं की ‘काय म्हणालीस?’ आणि मोठ्याने बोललं की ‘ओरडतेस कशाला?’ होतं ना घरात असं? अशा कानाला हळू आवाज पोचत नाहीत, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा वाटतो. मधली जागा अरुंद झालेली असते. त्यामुळे जी पट्टी कमी झाली तेवढीच उचलायची, आणि तीही पुरती नाही. ४० डेसिबल उतरलं असेल तर ढोबळमानाने २० च्या आसपास चढवतात, श्रवणयंत्रातसुद्धा. नेमकं कुठे किती उतरलंय ते कळायला आधी ऑडिओमेट्री कर. २५० ते ८००० हर्ट्झचे सूर एकेका कानात देऊन आलेख काढतात. तो कागद हातात आला की मगच हेडफोन.

कदम, सेक्रेटरी: बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. तिथे तपासणी होते. नायर हॉस्पिटललाही ऑडिओलॉजी (श्रवणतपासणी) विभाग आहे. त्याआधी ईएनटीला (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना) दाखवा, कधीकधी नुसता मळ साचलेला असतो.

गोखले, ए-१०१: हो, मळ आधी. आणि सगळ्यांनीच लक्षात ठेवा, एक कान एकाएकी बंद झाला तर हेडफोनबिडफोन काही बघू नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा. दिवस गेले की ऐकू परत येण्याची आशा कमी होत जाते. फार कळकळीने सांगतेय.

राणे, ए-५०२: मी कानामागचं श्रवणयंत्राचं मशीन लावतो. माझ्यासारख्याला इअरबडचा उपयोग नाही. कानावर टेकणारे छोटे हेडफोन मशीनच्या माइकवर दाबले जातात आणि शिट्टी वाजते. अख्खा कान आत मावेल असे मोठ्या कपाचे घ्या. चष्म्याच्या काड्यांवर येणारा दाब पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही, तासाभराने कानशिलं दुखतात. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बाबांना घेऊन जा, चष्म्यासकट घालून बघू द्या. रेक्झिनचे पॅड आपल्या दमट हवेत सोलतात, शक्यतो कापडी बघा.

रोहन, सी-३०२: बोन कंडक्शनवाले, हाडातून आवाज पोचवणारे, कसे राहतील? कानात काही जात नाही.

गोखले, ए-१०१: बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडचण असेल तर उपयोगी. वयाने थकतो तो आतला कान, आणि हाडातून गेलेला आवाजही शेवटी तिथेच पोचतो.

पाटील, सी-७०१: एअरपॉड्स श्रवणयंत्रासारखे चालतात म्हणे?

रोहन, सी-३०२: हो. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२४ मध्ये एअरपॉड्स प्रो २ च्या त्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. प्रौढांसाठी, सौम्य ते मध्यम बहिरेपणाला. पण दहा हजारांत बसत नाहीत. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘हेडफोन अकोमोडेशन्स’ आहे, तिथे आपला ऑडिओग्रामच, म्हणजे तपासणीतला तो आलेख, वापरता येतो. सॅमसंगमध्ये ‘ॲडॅप्ट साउंड’ असतं. ते बीप ऐकवून दोन्ही कानांचं वेगळं सेटिंग करतं.

देसाई, बी-४०३: बाबांचा फोन सॅमसंगच आहे! आणि टीव्हीला?

गोखले, ए-१०१: टीव्हीला स्वतःचा ट्रान्समीटर असलेला घे, ज्याचा डॉक, म्हणजे हेडफोन ठेवायचा स्टँड, टीव्हीला जोडतात. साध्या ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे पडू शकतो. कमी ऐकणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो, त्याचा आधारच जातो. डॉकवर ठेवला की चार्जही होतो, वायर खुपसायची खटपट नाही. बटणं चाचपून सापडली पाहिजेत. काही टीव्हींत हेडफोन जोडला की स्पीकर बंद होतो, तेही बघ, नाहीतर घरातल्यांना काही ऐकू यायचं नाही. आणि आवाजावर लक्ष ठेव. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास.

राणे, ए-५०२: दुकानात आधी बातम्या लावा, गाणं नंतर. ओळखीच्या गाण्यातली गळलेली जागा मनच भरून काढतं, त्यावरून हेडफोन पारखता येत नाही. माझा मोठ्या कपाचा घरीच आहे. बाबांना दोन-चार दिवस वापरून बघू दे.

देसाई, बी-४०३: काका, खूप आभार. सकाळी नायरला चौकशी करते. आज सातनंतर बाबांना घेऊन येऊ का?

राणे, ए-५०२: या की. सातच्या बातम्या इथेच लावू.