सॉन्डहाइमची गाणी पुस्तकात वाचायची की नाही?

दुसरी घंटा

सॉन्डहाइमची सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की हमखास ‘फिनिशिंग द हॅट’ (२०१०) आणि ‘लुक, आय मेड अ हॅट’ (२०११) हे दोन खंड सुचवले जातात. मला हा सल्ला पटत नाही.

नाव नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. स्टीफन सॉन्डहाइम (१९३०–२०२१) हा माझ्या मते गेल्या अर्धशतकातला ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, संगीत नाटकाचा सर्वांत मोठा माणूस. ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९५७) आणि ‘जिप्सी’ (१९५९) यांचे फक्त शब्द त्याचे. संगीत अनुक्रमे लेनर्ड बर्नस्टाइन आणि ज्यूल स्टाइन यांचं. पुढे ‘कंपनी’, ‘फॉलीज’, ‘स्वीनी टॉड’, ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’, ‘इन्टू द वुड्स’ यांत शब्दही त्याचे आणि चालीही त्याच्याच. या दोन खंडांत त्याची १९५४ ते २०११ मधली गाणी आहेत, नाटकातून गळलेलीसुद्धा, आणि त्यांवर त्याचं स्वतःचं भाष्य आहे.

पण ही शब्दांची पुस्तकं आहेत. ज्यानं शब्द आणि सूर एकाच बैठकीत घडवले, त्याचं अर्धं काम बाजूला ठेवून उरलेलं अर्धं आपण वाचतो आणि सॉन्डहाइम वाचला म्हणतो.

‘स्वीनी टॉड’ (१९७९) घ्या. (नाटक पाहायचं असेल तर हा परिच्छेद गाळा, पुढे रहस्य फुटतं.) लंडनच्या रस्त्यावर भटकणारी वेडसर भिकारीण म्हणजे स्वीनीची बायको ल्यूसी. ती मेली असं तो धरून चाललाय. शब्द हे शेवटपर्यंत लपवतात. पण दुकानदारीण मिसेस लव्हेट त्याला ल्यूसीची कहाणी सांगते, त्यात न्यायाधीशाच्या घरच्या मेजवानीचा प्रसंग येतो, आणि तिथे वाजणारा मिन्युएट (जुन्या युरोपीय नाचाची धून) भिकारणीच्या बाजारू गाण्याच्याच सुरांवर बांधलेला आहे. संगीतानं पहिल्या अंकातच सांगून टाकलंय ती कोण ते! छापील पानावर मात्र ही दोन निराळी गाणी आहेत, एकमेकांशी काडीचा संबंध नसल्यासारखी.

गाण्याचे शब्द म्हणजे कविता नव्हे, हे पहिल्या खंडाच्या सुरुवातीला तो स्वतःच बजावतो. कविता आटवायची असते, गाण्याच्या शब्दांत सुरांसाठी जागा मोकळी सोडायची असते, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं आहे. ती मोकळी जागा आपण पुस्तकात कशी वाचणार?

पायपेटी

पूर्ण असहमत. या खंडांना तुम्ही गाण्यांचा संग्रह समजताय. मी त्यांना कारागिराची वही समजते, आणि अशी वही इतक्या मोठ्या माणसानं आपण होऊन उघडून दाखवल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

‘कंपनी’ (१९७०) चा शेवट बघा. पस्तिशीतला रॉबर्ट, लग्न झालेले पाच मित्र-जोडपी, आणि प्रश्न हा की शेवटी त्याला काय उमगतं. आज त्या जागी ‘बीइंग अलाइव्ह’ आहे. पण त्याआधी ‘मल्टिट्यूड्स ऑफ एमीज’, ‘मॅरी मी अ लिटल’ आणि ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ लिहून झाली होती. शेवटचं तर ब्रॉडवेआधीच्या बॉस्टनमधल्या प्रयोगांत होतं. ते फार कडवट आहे, प्रेक्षक असा शेवट घेऊन घरी जाणार नाही, असं दिग्दर्शक हॅल प्रिन्सचं मत पडलं. मग सॉन्डहाइमनं काय केलं? नवा विषय शोधला नाही. कुणीतरी आयुष्यात घुसतं, नको तितकं जवळ येतं, दुखावतं, ही तीच यादी ठेवली आणि ‘बीइंग अलाइव्ह’च्या मध्यावर ती उलटवली. जी तक्रार होती तेच मागणं झालं. ही दोन्ही गाणी पुस्तकात वाचताना ती उलटण्याची जागा बोटानं दाखवता येते. ऐकताना मी रडते, त्यामुळे ती जागा माझ्या हाती लागत नाही.

शिवाय सगळ्यांनी ब्रॉडवेवर जाऊन ऐकायचं कसं? नाशिकमध्ये बसलेल्या माझ्यासारखीला पुस्तक हेच दार आहे.

दुसरी घंटा

नाशिकमध्ये बसूनही ध्वनिमुद्रणं ऐकता येतात, पायपेटी. मूळ नटसंचांची मुद्रणं आहेत, ‘संडे’ आणि ‘इन्टू द वुड्स’ यांच्या मूळ प्रयोगांची चित्रीकरणंही आहेत. दार आहे. मी फक्त क्रमाबद्दल बोलतोय.

जर्सीकर

माझी हरकत वेगळी आहे. या खंडांत त्यानं आधीच्या गीतकारांची जी चिरफाड केली आहे ती मला खटकते. नियम काय, तर फक्त दिवंगतांबद्दल लिहायचं, म्हणजे जिवंत माणूस दुखावला जाणार नाही. पण मेलेला माणूस उत्तरही देऊ शकत नाही! लॉरेन्झ हार्टला आळशी ठरवलं. ऑस्कर हॅमरस्टाइननं एका गाण्यात प्रार्थना शिकणारा चंडोल आणला, त्यावरून त्याला धारेवर धरलं.

आणि हॅमरस्टाइन कोण? आईवडिलांच्या घटस्फोटानंतर एकाकी पडलेल्या या मुलाला ज्यानं पेन्सिल्व्हेनियातल्या आपल्या घरात मुलासारखं वागवलं तो. सॉन्डहाइमनं शाळेसाठी लिहिलेलं संगीत नाटक वाचून ते अगदी वाईट आहे असं त्यानं तोंडावर सांगितलं, आणि मग अख्खी दुपार बसून का वाईट आहे ते एकेका ओळीवर समजावलं. अशा गुरूचे दोष पुस्तकात छापायचे? आपल्याकडे हे कुणी केलं नसतं, आणि मला वाटतं ते योग्यच आहे.

नेपथ्य

जर्सीकर, तुम्ही सांगितलेल्या त्या दुपारीच तुमचं उत्तर आहे. गुरूनं शिकवलं काय, तर लिहिलेल्याची ओळ न् ओळ तपासायची आणि नात्याची भीड ठेवायची नाही. शिष्यानं तेच केलं. ते न करता नुसता हार घातला असता तर ती दुपार वाया गेली असती.

सर्वांत कठोर तो स्वतःशी आहे, हेही सांगायला हवं होतं तुम्ही. ‘आय फील प्रिटी’ हे ‘वेस्ट साइड स्टोरी’तलं लोकांचं लाडकं गाणं. पोर्तो रिकोहून नुकती आलेली, कपड्यांच्या दुकानात काम करणारी मारिया त्यात ओळीच्या आत लपवलेली यमकं जुळवत गाते. ही मुलगी असं बोलेल का? शेल्डन हार्निक या गीतकारानं हा दोष दाखवला आणि सॉन्डहाइमला तो आयुष्यभर टोचत राहिला. त्या गाण्यावर त्यानं केलेली टीका हार्टवरच्या टीकेपेक्षा सौम्य नाही.

आणि हॅमरस्टाइननं त्याला एक फोटो सही करून दिला होता. त्यावर लिहिलं होतं, ‘स्टीव्हीस, माझा मित्र आणि शिक्षक’. गुरूला शिष्य आपला शिक्षक वाटत असेल तर आपण कोण आक्षेप घेणारे?

जर्सीकर

फोटोवरचं प्रेम आणि पुस्तकातली टीका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॅमरस्टाइन १९६० मध्ये गेला. पन्नास वर्षांनी त्याच्या ओळी सोलायच्या असतील तर त्याच्या काळात काय गाजत होतं, रंगभूमी कुठून कुठे आणली त्यानं, हे तितक्याच तपशिलानं सांगायला हवं. ते थोडक्यात येतं, चंडोल मात्र लक्षात राहतो.

अनुराधा_व

यमकाबद्दल बोलूया का? मला त्या खंडांतला सर्वांत आग्रही भाग तोच वाटला. सॉन्डहाइमला पक्कं यमक हवं, जवळपास जुळणारं चालत नाही. त्याचं कारण मला पटतं: नाटकात ओळ एकदाच कानावर पडते, मागे जाऊन वाचता येत नाही, आणि पक्कं यमक ऐकणाऱ्याला ओळ नेमकी पकडून देतं. तीन सूत्रं त्यानं मांडली आहेत: आशय घाट ठरवतो, थोडक्यात जास्त, देव तपशिलात असतो. ही सगळी कशासाठी, तर स्पष्टतेसाठी. पक्क्या यमकाचा हट्टही त्याच स्पष्टतेपोटी आहे.

पण नियम म्हणून तो फार ताणला आहे. ‘हॅमिल्टन’ (२०१५) या संगीत नाटकातली निम्मी गंमत अर्धवट जुळणाऱ्या ध्वनींची आहे, ऐकणाऱ्याला ओळ पकडायला काही अडत नाही. त्याचा कर्ता लिन-मॅन्युएल मिरांडा याला सॉन्डहाइमनंच उत्तेजन दिलं, २००९ मध्ये नव्यानं आलेल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’साठी स्पॅनिश शब्द त्याच्याकडून करून घेतले. म्हणजे माणूस त्याच्या नियमापेक्षा मोठा होता. पुस्तक वाचणाऱ्या नवशिक्याला मात्र नियमच सापडतो. आमच्या एकांकिकेच्या गटात एक मुलगा ते खंड वाचून आला आणि सगळ्यांची यमकं तपासत सुटला. त्याची स्वतःची गाणी तेव्हापासून निर्जीव झाली.

पायपेटी

दोष त्या मुलाच्या वाचनाचा आहे. त्याच खंडात ‘पॉर्गी अँड बेस’मधल्या ‘समरटाइम’ या गाण्याच्या पहिल्या ओळीतल्या एका साध्या ‘आणि’चं कौतुक आहे. त्या ‘आणि’च्या जागी दुसरा शब्द घातला की गाण्याचा सगळा ढंग बदलतो, हे तो दाखवतो. त्यात यमकाचा काही संबंध नाही. ज्यानं फक्त यमकाचे नियम उचलले त्यानं पुस्तक अर्धंच वाचलं.

विंगेतून

दुसरी घंटा यांच्या मूळ मुद्द्यात मला तथ्य वाटतं, आणि त्यावर आपल्याकडे एक साधा उपाय आधीपासून आहे. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रती काढून बघा. पदाच्या डोक्यावर राग, ताल, किंवा ‘चाल’ म्हणून एखाद्या माहितीच्या गाण्याचे पहिले शब्द छापलेले असतात. ‘मानापमान’ (१९११) ची पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. चाल देणारा वेगळा असूनही छापताना शब्दांबरोबर तिची खूण ठेवायची, ही समज प्रकाशकांना होती. वाचणाऱ्याला निदान कळतं की हे पद मोकळं नाही, कशावर तरी बसवलेलं आहे.

सॉन्डहाइमच्या बाबतीत तर दोन्ही एकाच माणसाचं. पदाच्या डोक्यावर ठेका आणि सुरुवातीच्या चार मात्रांचे स्वर एवढं दिलं असतं तरी पुरलं असतं. स्वरलिपीची पुस्तकं स्वतंत्र मिळतात हे मान्य, पण दोन्ही शेजारी उघडून बसणारा वाचक किती?

दुसरी घंटा

विंगेतून, हेच म्हणायचं होतं. ‘सेंड इन द क्लाउन्स’चंच बघा. ‘अ लिटल नाइट म्युझिक’ (१९७३) मधलं हे गाणं तालमी चालू असताना ग्लिनिस जॉन्स या नटीसाठी लिहिलं. तिचा आवाज गोड, पण लांब स्वर धरून ठेवण्याइतका दम नाही. म्हणून छोटे छोटे प्रश्न, आणि स्वर लांबवावाच लागू नये असे व्यंजनावर तुटणारे शब्द. कागदावर वाचणारा म्हणतो, काय संयमी कविता! ऐकणाऱ्याला कळतं की एका विशिष्ट बाईचा श्वास मोजून ते शिवलेलं आहे.

दुसरं, ‘वेस्ट साइड स्टोरी’तलं ‘समव्हेअर’. बर्नस्टाइनच्या चालीत पहिल्या ओळीतला सर्वांत उंच स्वर ‘अ’ या बिनमहत्त्वाच्या एकाक्षरी इंग्रजी उपपदावर पडतो. सॉन्डहाइमला ते कायम खुपलं. पानावर ती ओळ निर्दोष दिसते. दोष फक्त सुरात आहे.

पायपेटी

पण जॉन्सच्या श्वासाची गोष्ट आणि ‘समव्हेअर’चा दोष या दोन्ही गोष्टी तो त्याच पुस्तकात सांगतो ना! गाणं शंभरदा ऐकलं तरी तो श्वास मला नुसत्या कानानं कळला नसता. गायिका ज्युडी कॉलिन्सनं तेच गाणं गाऊन घराघरांत पोचवलं, तिला दमाची अडचण नव्हती. तिचं मुद्रण ऐकून ओळी आखूड का, हे कुणाला सुचेल?

नेपथ्य

यावर त्याचंच एक गाणं आठवतं. ‘पॅसिफिक ओव्हर्चर्स’ (१९७६) मध्ये ‘समवन इन अ ट्री’ आहे, त्याचं स्वतःचं आवडतं. १८५३ मध्ये अमेरिकी आरमाराचा कमोडोर पेरी जपानला आला, तेव्हाच्या वाटाघाटींची हकिगत. झाडावर चढलेल्या पोराला दिसतं पण ऐकू येत नाही. जमिनीखाली लपलेल्या योद्ध्याला ऐकू येतं पण दिसत नाही. तो पोर म्हातारा होऊन आठवणी सांगतो, त्यालाही सगळं आठवत नाही. कुणाचीच साक्ष पुरी नाही, तरी कुणालाही गाण्यातून वगळलेलं नाही. या खंडांकडे मी तसंच बघतो. ती एक साक्ष आहे, अपुरी आणि गरजेची.

दुसरी घंटा

साक्ष म्हणून मला मान्य, पहिली साक्ष म्हणून नाही. नव्या माणसाला आधी ‘स्वीनी टॉड’ ऐकवा, कागद न देता. इंग्रजी शब्द निसटले तर निसटू द्या. दुसऱ्यांदा ऐकताना पुस्तक उघडा. भाष्य तर त्याही नंतर, कारण एकदा सॉन्डहाइमनं स्वतःचा दोष दाखवला की तुम्हाला तेवढाच ऐकू येतो. ‘आय फील प्रिटी’ माझ्यासाठी तसंच संपलं. सुंदर गाणं आहे ते.

पायपेटी

माझा उलटा आग्रह आहे, तोही करून बघा. ‘कंपनी’ न ऐकलेल्या कुणालातरी आधी ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ आणि ‘बीइंग अलाइव्ह’ ही दोन पानं शेजारी ठेवून वाचायला द्या. मग ऐकवा. आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मी हेच करणार आहे. काय होतं ते इथेच लिहीन.